एक कांडी भरेपर्यंत

माझ्या आईचं एक ठरलेलं वाक्य आहे. ‘मला काय त्यातलं कळतंय?’ बँकेत सही कुठे करायची हे विचारताना, डॉक्टर काय म्हणाले ते सांगताना, माझ्या कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी, टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल बोलताना. समोरच्यानं काही म्हणायच्या आत ती हे म्हणून मोकळी होते. आई मुरबाड तालुक्यातल्या एका गावची. चौथीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन भिवंडीला आली आणि गेली बावीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये कांडी भरते.

ज्यांनी माग जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. कापडात उभा धागा असतो तो ताणा, आडवा असतो तो बाणा. आडवा धागा ज्या छोट्या दांडीवर गुंडाळलेला असतो ती कांडी. ती धोट्यात बसवतात आणि धोटा मागावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत राहतो. कांडी संपली की कारागीर दुसरी घालतो. म्हणजे कांड्या भरलेल्या नसतील तर माग थांबतो. भिवंडीत काही लाख माग आहेत. त्यांच्यामागे कांड्या भरणारे किती हात असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

‘मला काय कळतंय’ म्हणणाऱ्या या बाईला मशीनवर बघा. एका वेळी कितीतरी कांड्या गरगर फिरत असतात. एखादा धागा तुटला तर ती मान वळवायच्या आधी हात पुढे करते. शेडमध्ये इतका आवाज असतो की शेजारच्याशी ओरडून बोललं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलतात. चहा आला, मेहता आला, कांड्या संपल्या, घरून फोन आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. आई या खुणांच्या भाषेत चक्क विनोद करते. मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा दारात उभी राहून बघायचे. घरी ऐकू येणारी आई आणि तिथे दिसणारी आई मला दोन वेगळ्या बायका वाटायच्या.

आत्मविश्वास तिच्याकडे नव्हता असं मला कधीच वाटलं नाही. तो शेडच्या बाहेर यायचा नाही, एवढंच.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. हळद, वरात, निकाह, रिसेप्शन, सगळं. दोन वर्षांपूर्वी दोन मैत्रिणींबरोबर आमच्याच भागात बायकांसाठी एक छोटा वर्ग सुरू केला : मोबाईलवर फिल्म कशी करायची. पिठाच्या गिरणीवरची एक खोली, एक ट्रायपॉड, माझा जुना लॅपटॉप. वार शुक्रवार, कारण येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींची शेड त्या दिवशी बंद असायची. सात जणी आल्या. सगळ्यात लहान बत्तीसची, सगळ्यात मोठी अठ्ठावन्नची. कोणी मराठी बोलणारी, कोणी हिंदी-उर्दू, आणि पद्मानगरच्या एक अक्का घरी तेलुगू बोलणाऱ्या. तिघींना वाचता येत नव्हतं. आई ‘खोली झाडायला येते’ म्हणून आली आणि बसली.

पहिल्या दिवशी एकीनंही फोन बाहेर काढला नाही. दोघींचे फोन मुलांचे होते. एकीचा नवऱ्याचा, आणि त्याला कामाचे कॉल येणार म्हणून तो पाच वाजायच्या आत परत न्यायचा होता. ‘बिघडला तर?’ हा प्रश्न तासभर फिरत होता. शिकवायचं ते मी बाजूला ठेवलं आणि एकच काम दिलं. तुम्हाला जे येतं आणि आम्हा तिघींना येत नाही, ते एक मिनिट शूट करून आणा. चेहरा नको, हात दाखवा. मध्ये कापायचं नाही.

पुढच्या शुक्रवारी सहा मिनिटं जमा झाली. एक चाची तयार कपड्यांवरचे जादा धागे कापताना : कात्री बोटात अडकवलेलीच, एका हातानं कपडा फिरतोय, दुसऱ्या हातानं धागा गळतोय. अक्का कापडातले दोष शोधताना : बोटांची टोकं कापडावरून सरकतात आणि एका जागी थांबतात, तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. आईनं कांडी आणली. प्रत्येकीचं मिनिट संपलं की बाकीच्या विचारत, ‘हे कसं केलंस? पुन्हा दाखव.’ आणि त्या सांगायला लागायच्या. मी शिकवणारी होते, पण त्या दोन तासांत माझ्याकडे कोणी बघितलंच नाही.

तेव्हापासून मी याचा विचार करते आहे. मोठ्या वयात शिकायला बसलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा काय सांगतो? ‘तुम्हाला हे येत नाही, ते आम्ही शिकवू.’ पाटी कोरी असते आणि ती कोरी असणं हीच सुरुवात असते. कॅमेरा हातात दिला की सुरुवात उलट टोकाकडून होते. तुम्हाला काय दिसतं, काय माहीत आहे, तिथून.

अक्षरांविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. आईच्याच तालुक्यात, मुरबाडच्या फांगणे गावात, ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी सुरू केलेली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जातात, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आईनं ते माझ्या फोनवर तीनदा पाहिले. ‘तू जाशील का अशा वर्गाला?’ विचारलं तर म्हणाली, ‘या वयात पाटी घेऊन बसू? लोक काय म्हणतील?’ लोक त्या आज्यांचं कौतुकच करत होते. पण कौतुकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता, आणि आईला बहुधा तेच टोचलं असावं.

भिवंडीला तर दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची चांगलीच ओळख आहे. १९७० ची दंगल, १९८४ ची दंगल. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली इमारत पहाटे रहिवाशांवर कोसळली तेव्हा पुन्हा कॅमेरे आले. काही पडलं, पेटलं किंवा बुडालं की आमचं गाव पडद्यावर दिसतं. १९८४ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, वेगवेगळ्या समाजांच्या माणसांना एकत्र बसवून बोलतं केलं, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली. पडद्यावर कधी पाहिली नाही. न घडलेल्या दंगलीचं फुटेज नसतं.

आपल्यासारख्याच मागाच्या गावात लोकांनी कॅमेरा स्वतः हातात घेतला, हे मला आधी मालेगावमुळे कळलं. मुंबई-आग्रा रस्त्यावर आम्ही दोघं शेजारी नसलो तरी नातेवाईक आहोत. तोच खडखडाट, केसांत तीच रुई. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. फिल्म स्कूल नाही, स्टुडिओ नाही. पार्लरमध्ये सिनेमे बघून आणि व्हीसीआरवर कापाकापी करून ते एडिटिंग शिकले. ट्रॉली म्हणून सायकल आणि क्रेन म्हणून बैलगाडी. फैजा अहमद खान यांची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही २००८ ची डॉक्युमेंटरी पाहिलीत तर हे सगळं डोळ्यांनी दिसेल. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये थिएटरात लागला तेव्हा बऱ्याच जणांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

त्या डॉक्युमेंटरीत मालेगावचा सुपरमॅन झालेला शफीक शेख हा माग चालवणारा कारागीर होता. अंगानं किडकिडीत. निळा पोशाख घालून तो उभा राहतो तेव्हा हसू येतं, आणि थोड्या वेळानं हसू थांबतं, कारण तो स्वतः अजिबात हसत नसतो. २०११ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं तो गेला. सिनेमानं त्याची मजुरी वाढवली नाही आणि त्याचा आजारही थांबवला नाही. पण त्याच्या गावानं त्याला पडद्यावर पाहिलं. सिनेमानं काय दिलं आणि काय दिलं नाही, या दोन्ही गोष्टी मला एकत्रच सांगाव्याशा वाटतात.

मालेगावच्या या टोळीत मात्र सगळे पुरुष. कॅमेऱ्यामागे बाई नाही आणि नायिकेच्या कामासाठीही बाहेरून मुली आणाव्या लागत. माझ्या खोलीत सात बायका बसल्या होत्या, त्यांच्यासाठी मला दुसरं उदाहरण हवं होतं. ते अहमदाबादला सापडलं.

इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभी केलेली ‘सेवा’ ही असंघटित कामगार बायकांची संघटना तुम्हाला माहीत असेल. १९८४ मध्ये अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांनी तिथल्या वीस बायकांना तीन आठवडे व्हिडिओचं प्रशिक्षण दिलं. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. लीलाबेन दातनिया भाजी विकायच्या. माणेक चौकात फुटपाथवर बसून पोट भरणाऱ्या बायकांची जागा जाऊ नये म्हणून सेवा लढत होती, आणि लीलाबेननी त्याच चौकावर फिल्म केली. कॅमेऱ्याच्या बटणांवरचे इंग्रजी शब्द त्यांनी पाठ केले होते. तो काळ आठवून बघा : घरात फोन नाही, टीव्ही आळीत एखादा, आणि भाजीवाली व्हिडिओ कॅमेरा लावून बाजार टिपते आहे. ‘व्हिडिओ सेवा’चं काम नंतरही चालू राहिलं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली. चाचीनं फोन पुढे केला आणि विचारलं, ‘हमारे इसमें कौन-कौन से लफ्ज हैं?’ मग आम्ही फळ्यावर चित्रं काढली. सेव्ह, डिलीट, शेअर. डिलीट सगळ्यात आधी पाठ झालं, कारण भीती त्याचीच होती.

अक्कांसाठी तिसरी गोष्ट होती, आणि ती त्यांच्या तेलंगणातलीच निघाली. बिदरच्या सीमेला लागून जहीराबादजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीत शेतमजुरी करणाऱ्या दलित बायका नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्हिडिओ शिकल्या. शिकवण्यामागे होते पी. व्ही. सतीश, स्वतः एकेकाळचे दूरदर्शनचे निर्माते. या बायकांनी वारंगळच्या शेतकऱ्यांचं बीटी कापसात काय झालं यावर फिल्म केली आणि ती जगभर दाखवली गेली. पण मला त्यांनी शॉटना दिलेली नावं आवडतात. ‘हाय अँगल’, ‘लो अँगल’ हे शब्द त्यांनी घेतलेच नाहीत. कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली असलेल्या शॉटना त्यांनी जमीनदार आणि त्याच्याकडे राबणारा गडी यांच्या नात्यावरून नावं दिली. डोळ्याला डोळा भिडवून, एका पातळीवरून घेतलेला शॉट म्हणजे ‘संघम शॉट’, कारण संघात सगळ्या जमिनीवर एकाच पातळीवर बसतात. मी कॉलेजात तीन वर्षं अँगल शिकले. कॅमेरा कुठे ठेवायचा म्हणजे समोरच्या माणसाला कुठे ठेवायचं, हे मला पस्तापूरच्या बायकांकडून समजलं.

अक्कांनी ते ऐकलं आणि पुढच्या वेळी ट्रायपॉड बाजूला सारला. मांडी घालून बसल्या, फोन गुडघ्यावर टेकवला. म्हणाल्या, ‘कापड तपासणारी खालीच बसते.’

दोन महिन्यांनी ठरलं की सगळ्यांचं मिळून एक करायचं. विषय : कापड आपल्या हातात येईपर्यंत किती बायकांच्या हातांतून जातं. शेडमध्ये आवाज रेकॉर्ड होईना, फोनमध्ये नुसता एकसुरी गोंगाट यायचा. म्हणून चित्र शेडमधलं घेतलं आणि बोलणं रात्री घरी, पंखा बंद करून, पांघरुणात बसून. आईचा आवाज पहिल्यांदा लॅपटॉपवर ऐकला तेव्हा ती म्हणाली, ‘ही मी नाही.’ मग सगळं ऐकून झाल्यावर, ‘मधे एक वाक्य राहिलंय, परत घे.’

खरी कसोटी एडिटिंगच्या वेळी आली. एका बाईनं फिल्ममध्ये कामाचा दर सांगितला होता. किती वर्षांपूर्वी किती होता आणि आज किती आहे, सरळ आकड्यांत. सगळ्यांत ठसठशीत भाग तोच होता. दुसरी म्हणाली, हे बाहेर गेलं तर हिचं काम जाईल. चाची म्हणाली, मग फिल्म कशाला केली? लग्नाच्या व्हिडिओत असा प्रश्न कधी येत नाही, तिथे जास्तीत जास्त मामाला फुटेज कमी पडतं. इथे एका घराचं महिन्याचं रेशन टांगणीला होतं.

मला कॅनडातल्या फोगो बेटाची आठवण झाली. १९६७ मध्ये कॉलिन लो यांनी तिथल्या मच्छीमारांवर छोट्या फिल्म केल्या. सरकार त्यांना बेट सोडायला लावेल अशी भीती होती. लो यांची पद्धत अशी की फिल्म आधी त्याच माणसांना दाखवायची आणि जे बाहेर जाऊ नये असं त्यांना वाटेल ते ठेवायचं नाही. बेटावरचे लोक पडद्यावर एकमेकांचं म्हणणं ऐकू लागले, पुढे त्यांनी सहकारी संस्था काढली आणि बेट रिकामं झालं नाही. हे मी सांगितलं आणि गप्प बसले. निर्णय माझा नव्हताच.

दीड तास वाद झाला. शेवटी त्याच बाईनं ठरवलं : आकडे राहतील, चेहरा जाईल, आवाज दुसरीचा असेल. चाचीनं आपला आवाज दिला. तिच्या उच्चारात ते वाक्य थोडं वेगळं वाटतं, पण आकडे तेच आहेत.

दुसरा वाद कांडीचा. आईनं एक पूर्ण कांडी भरताना शूट केली होती, आणि ती तशीच, न कापता हवी म्हणून हटून बसली. चाचीला कंटाळा आला, ‘लोग उठ के चले जाएँगे.’ आई म्हणाली, ‘जाऊ देत. पण जो बसेल त्याला कळेल.’ आईनं चारचौघांत एखादी गोष्ट अशी धरून ठेवलेली मी पहिल्यांदा पाहिली. कांडी पूर्ण राहिली.

दाखवायला पडदा नव्हता. शेडमधून कोरं ग्रे कापड मिळालं, ते दोन खिडक्यांच्या मधे ताणून बांधलं. गल्लीत साठ-सत्तर माणसं. मागावर काम करणारे कारागीर मागे उभे. कांडीचा भाग सुरू झाला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, मग हळूहळू शांत झाली. एक जॉबर मधेच मोठ्यानं म्हणाला, ‘धागा चुकीचा लावलाय.’ आई अंधारातून म्हणाली, ‘मशीन जुनं आहे, त्याला असाच लागतो. तुम्ही कधी भरलीय का कांडी?’ गल्ली हसली. जॉबरही हसला. फिल्म संपल्यावर तो तिच्याशी मशीनबद्दल बोलत उभा राहिला. बावीस वर्षं दोघं एकाच भागात काम करतात.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? दर वाढला नाही. सातपैकी एकीला घरून मनाई झाली आणि तिचं येणं थांबलं. तिनं निरोप पाठवला, माझे हात फिल्ममध्ये राहू देत, नाव काढा. तसं केलं. दोघींनी स्वतःचा फोन घेतला, हप्त्यावर. आई अजूनही बँकेत जायचं टाळते, पण मागच्या महिन्यात गेली तेव्हा काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, ‘जरा सावकाश सांगा, मी लक्षात ठेवते.’ एवढंच. याचं प्रमाणपत्र देता येत नाही.

‘हल्ली सगळेच रील करतात, वर्ग कशाला?’ असंही मला विचारतात. रील करायला हरकत नाही, आमची चाचीही करते. पण रील बघणारा अंगठ्यानं पुढे जातो. इथे बघणारा शेजारी असतो, तो ‘चुकीचं आहे’ म्हणतो आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागतं. मोठ्या वयात शिकणाऱ्याला टाळ्यांपेक्षा ही हुज्जत जास्त उपयोगी पडते असं मला दिसलं. हुज्जत घालताना माणूस आपल्याला काय येतं ते मोठ्यानं सांगतो, आणि सांगताना स्वतःही ऐकतो.

नवा वर्ग जूनमध्ये सुरू होतोय. अकरा नावं आली आहेत, त्यात दोन पुरुष, दोघंही पन्नाशीचे कारागीर. बिनधोट्याचे नवे माग येत आहेत, त्यांना कांडी लागत नाही. जुने माग भंगारात जायच्या आधी त्यांचा आवाज नीट रेकॉर्ड करायचा, असं त्यांच्या मनात आहे. फोनमध्ये तो आवाज फाटतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर आई म्हणाली की शेडच्या मागच्या बोळात, भिंतीला कान लावला की तो वेगळा ऐकू येतो, तिथून घेऊन बघा. येत्या शुक्रवारी शेड बंद असेल, म्हणून गुरुवारी दुपारी डब्याच्या सुट्टीआधी आम्ही तिथे जाणार आहोत. कुठे उभं राहायचं ते ती दाखवणार आहे.